हात दाखवा, वाटी थांबवा

आमच्या घरमालकांना दूध उतू गेलेलं चालायचं, पण न सांगता उतू गेलेलं चालायचं नाही. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला गेलो, त्याच दिवशी मला हे कळलं. गॅसवर दूध ठेवून मी खोकी उघडत बसले होते. जिन्याच्या तोंडाशी खालून एक खणखणीत आवाज उठला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वरच्या मजल्यावर दुधाचा वास येत असून, ते कोणत्याही क्षणी उतू जाण्याची शक्यता आहे." मी धावले. तोवर निम्मं दूध ओट्यावर होतं. मी फडकं शोधत असताना तीच घोषणा पुन्हा झाली. काना-मात्रेचाही फरक नव्हता, आणि दूध तर केव्हाच जाऊन चुकलं होतं. मग सगळं शांत झालं.

उभी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर काढली होती. चौकशीच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होताना माईक तिथेच ठेवावा लागला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. गल्ली त्यांना 'फलाटकाका' म्हणायची, आधी पाठीमागे आणि नंतर तोंडावरही. अंगाने आडवेतिडवे, मिशा भरघोस, बारा महिने बनियनवर. बोलणं दोन प्रकारचं. घोषणा करताना शाळा तपासनीसालाही चूक सापडू नये असं मराठी, आणि ती संपली की पुढच्याच श्वासाला, "दूध गेलं व्हय, बाई? जाऊ द्या की. खिडकी उघडा, लई वास येतुया."

त्यांच्या घोषणेचा गल्लीला उपयोगही होता. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी माणसं सणासारखी हंडे-कळश्या घेऊन तयार असतात. पाणी आलं की काका गच्चीवर चढून सांगायचे, "नळाला पाणी आलेले आहे." दोनदा. मग खाली उतरून स्वतःची टाकी भरायला लागायचे. समोरच्या वहिनी एकदा तक्रार घेऊन आल्या, "मी न्हाणीघरात होते, मला ऐकू गेलं नाही, आणखी एकदा ओरडला असता तर काय तोंड दुखलं असतं का?" काका म्हणाले, "दोनदा सांगायचं असतंय, वहिनी. एकदा कानासाठी, एकदा डोक्यासाठी. तिसऱ्यांदा सांगितलं की प्रवाशाला वाटतंय, गाडी आपल्या बापाची हाय." त्यानंतर त्यांनी आपल्या टाकीतलं चार हंडे पाणी वहिनींच्या पिंपात नेऊन ओतलं. पण तिसरी घोषणा नाही म्हणजे नाही.

हा नियम त्यांनी बायकोलाही लावला होता. काकू अक्कलकोटच्या. मी त्यांना पाहिलं नाही, आम्ही यायच्या आधीच त्या वारल्या होत्या. एकदा माहेरी निघाल्या असताना स्टँडबाहेर शेंगाचटणी घेत रेंगाळल्या. काकांना खिडकीतून त्या दिसत होत्या. अक्कलकोट गाडीची घोषणा त्यांनी एकदा केली, दुसऱ्यांदा केली. काकू चटणीची चव बघत होत्या. गाडी निघून गेली. मग पुढची गाडी लागेपर्यंत काकू त्यांच्या खिडकीसमोरच्या बाकावर चटणीचा पुडा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. काका स्वतः जाऊन चहा देऊन आले, तो त्यांनी प्यायला नाही. गाडीत चढताना एवढंच म्हणाल्या, "माझ्यासाठी एकदा जास्त सांगितलं असतं, तर स्टँड काय बुडालं असतं?" ही हकीकत काका नियमाच्या अभिमानाने सांगायचे. पण सांगून झाली की थोडा वेळ मिशी चावत बसायचे.

काकूंची एक गोष्ट मात्र त्यांनी जपली होती. सकाळ असो की संध्याकाळ, कोणी भेटलं की कानडीत पहिला प्रश्न, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का? 'नाही' म्हटलं तर म्हणायचे, या जेवायला. आणखी एकदा म्हणायचे, या जेवायला. तेवढ्यावर तुम्ही आला नाहीत, तर ते एकटे जेवायला बसायचे. आपल्याकडे हे किती वाईट दिसतं ते मी सांगायला नको. पाहुण्याने पानावर आडवा हात धरायचा, यजमानाने तो बाजूला सारून वाढायचं, ही आपली रीत. स्वतःच्या मुलाच्या लग्नात काका पंगतीत जिलेबी घेऊन फिरले. व्याह्यांनी रिवाजाप्रमाणे पानावर हात आडवा धरला. काकांनी विचारलं, "जिलेबी?" हात आडवाच. "जिलेबी?" हात आडवाच. काका पुढच्या पानाकडे गेले. व्याही जिलेबीवाचून उठले आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं. काकांचं म्हणणं साधं होतं, "हात आडवा केला तर नको. हात दाखवला तर थांबायचं. एसटीवर काय लिहिलेलं असायचं? हात दाखवा, गाडी थांबवा. हात धरून आत ओढा, असं कुटं लिहिलं नव्हतं."

मला या गोष्टींचं हसू यायचं. पुढे माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र हसू पळालं.

माझी मुलगी मुक्ता सहा महिन्यांची झाली तसं तिचं उष्टावण केलं. माझ्या भावाने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून तिच्या जिभेला लावली. तिने क्षणभर विचार केला आणि खीर मामाच्या नव्या शर्टावर परत केली. सगळे खो खो हसले. भाचीने मामाचं मामाला देऊन टाकलं, असं कोणीतरी म्हणालं. त्यानंतर आमच्या घरात जेवणाच्या वेळेला कोणी हसलं नाही. मुगाचं कढण केलं, भाताची पेज केली, ज्वारीच्या कण्या शिजवल्या, रताळं उकडलं, केळं कुस्करलं. सगळं मिक्सरमधून काढून, गाळून, चांदीच्या वाटीत घालून तिच्यापुढे नेलं. दुकानाचं शटर पाडावं तसे ती ओठ मिटायची. फसवून चमचा आत घातलाच, तर जीभ पुढे काढून सगळं हनुवटीवर आणून ठेवायची. बाटलीला तर तिने तोंडच लावलं नाही. तिला मी हवी होते, आणि फक्त मीच.

आणि मला जूनमध्ये शाळेत हजर व्हायचं होतं. मोहोळजवळच्या एका गावात मी शिक्षिका आहे. ही नोकरी मला अशीतशी मिळालेली नाही. परीक्षा देऊन, यादीत नाव लागण्याची वाट बघत माझी उमेदीची वर्षं गेली होती. बाळंतपणाच्या रजेला दुसरी रजा जोडून झाली होती, आता पुढे उन्हाळ्याची सुट्टी तेवढी शिल्लक होती. सकाळी निघाले की मी थेट संध्याकाळी घरी येणार. तोवर हे लेकरू काय खाणार? खाल्लं नाही तर मी राजीनामा देणार, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात होतं.

बोलल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. नातीसाठी त्या करकंबहून मुद्दाम येऊन राहिल्या होत्या. "नोकरी काय पळून जाती व्हय? लेकरापरीस का नोकरी मोठी हाय?"

"आत्या, नोकरी पळूनच जाते," मी म्हणाले.

त्यांनी पदर खोचला आणि मुक्ताला ताब्यात घेतलं. त्यांची पद्धत जुनी, खात्रीची. पाय लांब करून बसायचं, लेकराला पायांवर उताणं घ्यायचं, एका हाताने गाल दाबायचे आणि दुसऱ्या हाताने वाटीतलं पाजायचं. "माझी तिन्ही पोरं अशीच वाढली. एकबी मेलं न्हाय." माझा नवरा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. तो कारखान्यातले नमुन्याचे टॉवेल डोक्यावर घेऊन हत्ती व्हायचा, उंट व्हायचा, आणि लेकराने हसायला तोंड उघडलं की मी चमचा घालायचे. दोन दिवसांत मुक्ता हत्ती दिसला की रडायला लागली. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वजन जरा रेंगाळलंय, पण लेकरू चांगलं आहे. बळजबरी करू नका, तुम्ही जेवता तेव्हा तिलाही शेजारी घेऊन बसा. आम्ही 'हो डॉक्टर' म्हणालो आणि घरी येऊन पुन्हा हत्ती-उंट-चमचा सुरू केलं.

एका दुपारी तिचं रडणं इतकं वाढलं की काका जिना चढून वर आले. भाडेकरूच्या घरात ते कधी येत नसत. दारात उभे राहून त्यांनी सगळं बघितलं. आत्यांच्या पायांवर लेकरू, डोक्यावर टॉवेल घेतलेला माझा नवरा, चमचा परजून टपलेली मी.

"हे काय चाललंय?"

"तिला भरवतोय," मी म्हणाले.

"भरवताय न्हवं, लादताय," काका म्हणाले. "टपावर चढवत्यात ते पार्सल. प्रवासी आपल्या पायानं चढतोय, बाई. लेकरू म्हंजी सामान न्हाय."

आत्या फणकारल्या. "मालक, तुमी किती लेकरं वाढिवली?"

"एकबी न्हाय, अक्का. हाय त्ये बायकूनं वाढिवलं. मी गाड्या सोडल्या."

इतकं बोलून ते खाली गेले असते तर मी त्यांना लगेच मानलं असतं. पण त्यांना तिथल्या तिथे करून दाखवायचा मोह झाला. मुक्ताला त्यांनी भिंतीला टेकवून बसवलं, वाटी तिच्यापुढे ठेवली, छाती भरून श्वास घेतला आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! मुगाचे कढण फलाट क्रमांक एकवर..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. मुक्ता घाबरून काळीनिळी झाली. उरलेली दुपार ती माझ्या खांद्याला चिकटून हुंदके देत होती, अंगावरही पिईना. मी त्यांना दाराबाहेर काढलं. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. "काका, तुमचा आवाज स्टँडवर ठीक होता. आता जा," असं मी म्हणाले. ते एकेक पायरी उतरून गेले. त्या दिवशी पाण्याची घोषणाही झाली नाही, आणि गल्लीतले निम्मे हंडे कोरडे राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला काका पुन्हा दारात. बनियनवर धुतलेला सदरा चढवला होता. तोंडावर बोट ठेवून त्यांनी खाली या अशी खूण केली. दोनदा केली. मग निघून गेले. का कोण जाणे, आम्ही गेलो.

खाली ओसरीवर चटई अंथरली होती. चार ताटं मांडली होती. त्यांनी स्वतः मुगाचं वरण केलं होतं, मीठ-तिखट न घालता एका पातेलीत वेगळं, आणि आमच्या तिघांसाठी फोडणीचं; स्वतःच्या ताटात त्यांनी मुक्तासाठीचंच वाढून घेतलं होतं. मधोमध कडक भाकरी. आमच्या सोलापूरकडची ती कागदासारखी पातळ, वाळलेली, मोडली की कडाड वाजणारी भाकरी. शेंगाचटणीचा वाडगा त्यांनी मुद्दाम लांब, कट्ट्यावर ठेवला होता. मुक्तापुढे चांदीची वाटी. काका कुजबुजत बोलत होते, आणि त्यांना कुजबुजता येत नव्हतं, मधूनच एखादा शब्द स्टँडच्या मापाचा निसटायचा. त्यांचं सांगणं असं, की आपण आपलं जेवायचं. तिच्याकडे बघायचं नाही, तिला बोलायचं नाही, चमचा पुढे करायचा नाही. वाटी तिच्यापुढे राहील. आपलं जेवण झालं की वाटीही उठेल.

"आन् न खाल्लं तर?" आत्यांनी विचारलं.

"गाडी सुटली."

"लेकरू उपाशी ठिवता व्हय?"

"आई हाय की अंगावर पाजायला. आन् पुढची गाडी हाय की, अक्का. स्टँडवर उपाशी कोण मरत न्हाय, वाट बघतंय."

तुम्ही कधी नऊ महिन्यांच्या लेकराकडे न बघता जेवला आहात का? माझा नवरा तांब्याच्या पोटात तिचं प्रतिबिंब बघत होता. आत्या घास घेत होत्या की गिळत होत्या कळत नव्हतं. आणि काका! ज्या माणसाने जन्मभर चार ओळी सांगितल्याशिवाय कुठलीही गोष्ट होऊ दिली नाही, तो तोंड मिटून भाकरी मोडत होता. मुक्ताने वाटीत बोट घातलं. काकांच्या मिशा थरथरल्या, छाती भरली, तोंड उघडलं. मग त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला आणि घोषणा भाकरीबरोबर गिळून टाकली. मुक्ताने वाटी चटईवर पालथी केली. आमची जेवणं झाली. काका उठले, वाटी उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली.

रोज हेच. रोज ओसरी, रोज चटई, रोज पालथी वाटी. मे महिना तापत होता आणि जून जवळ येत होता. आत्या मला वर गेल्यावर म्हणायच्या, "ह्या म्हाताऱ्याच्या नादी लागून पोरीला वाळवशील." खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. एका दुपारी मी राजीनाम्याचा मजकूर मनातल्या मनात जुळवत ओसरीवर बसले होते. 'कौटुंबिक कारणास्तव' इथपर्यंत आले होते. वर्गातली पहिलीची पोरं डोळ्यांपुढे येत होती.

काकांनी कडक भाकरीचा तुकडा मोडला. कडाड. वरणात बुडवला आणि मऊ व्हायला ताटाच्या कडेला ठेवला. मुक्ता वाटी सोडून त्या आवाजाकडे बघत होती. मग ती रांगायला लागली. माझ्या पुढून गेली, आत्यांच्या ताटाला वळसा घातला, आणि काकांच्या मांडीपाशी जाऊन थांबली. एक हात काकांच्या गुडघ्यावर टेकवला. दुसरा हात वर केला. पाचही बोटं पसरून, सरळ, ताटाकडे.

आत्यांचं तोंड उघडलं, "खा..." एवढं बाहेर आलं आणि काकांनी पंजा वर करून त्यांना थांबवलं. भिजून लगदा झालेली भाकरी त्यांनी बोटाने कुस्करून बघितली, कुठे कडक राहिलं नाही ना याची खात्री केली, आणि ताट तिच्याकडे थोडं सरकवलं. भरवलं नाही. मुक्ताने मुठीत लगदा घेतला. निम्मा मनगटावरून ओघळला, निम्मा तोंडात गेला. तिने तोंड वाकडं केलं. मी डोळे मिटून घेतले, आता ती जीभ पुढे काढणार. उघडले तेव्हा तिचा हात पुन्हा ताटात होता.

मी रडले. नवऱ्याने तांब्या बाजूला ठेवला आणि उघड उघड बघायला लागला. आत्यांनी दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली, नातीवरून की काकांवरून ते मी विचारलं नाही. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. आत एक आख्खी घोषणा अडकली होती आणि ती बाहेर पडू नये म्हणून त्या माणसाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मुक्ताचं पोट भरलं, ती ताटावरून मागे सरली, तेव्हा हात काढून ते अगदी बारीक आवाजात एवढंच म्हणाले, "हात दाखवला की, बाई."

पण ही आमची मुक्ता. तिने आणखी एक पेच टाकला. आता ती फक्त काकांच्या ताटातलं खायची. त्याच पातेलीतलं, तेच मऊ वरण आणि तीच भिजवलेली भाकरी चांदीच्या वाटीत घातली, की वाटी पालथी. मी हात टेकले. काका रोज दोन्ही वेळा तिच्यासाठी ताट घेऊन बसणार, असं कसं चालेल? आत्या म्हणाल्या, "मालकांच्या ताटातलं उष्टं खाऊन ती मालकीण व्हायची आता." काकांनी मुक्ताकडे बघितलंही नाही. मग त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं, मुक्तापुढची इवलीशी चांदीची वाटी उचलली, दोन बोटांत धरली आणि तिच्यातलं वरण स्वतःच खायला लागले. मिशीला लागलं, हनुवटीवर सांडलं, मोठ्याने फुर्र केलं. मुक्ता आ वासून बघत होती. तिची वाटी! तिने त्यांच्या मिशीला धरून वाटी ओढून घेतली. काका ओरडले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं, पण मिशी सोडवून घेतली नाही. त्या दुपारी वाटी पालथी झाली तेव्हा ती आतून कोरडी होती.

मग मला कोण अडवणार होतं? राजीनाम्याचा मजकूर मी 'कौटुंबिक कारणास्तव' या शब्दांवरच सोडून दिला. आत्या स्वतःहून म्हणाल्या, "तू जा शाळंत. मी हाय, मालक हायती. खाईल तिला लागंल तसं." ज्या बाईने नोकरीला नाव ठेवलं होतं, तिने माझा डबा भरून दिला.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मोहोळच्या गाडीत बसले. निघताना मुक्ता झोपलेली होती, त्यामुळे तिने हात हलवला नाही की रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. गाडी शहराबाहेर पडली. शेजारी एक मावशी पोत्यावर पाय ठेवून बसल्या होत्या. मी दर थोड्या वेळाने फोन बघत होते. उठली असेल. रडत असेल. मी घरात नाही हे कळल्यावर वाटी भिरकावली असेल. आज खाल्लं नाही तर उद्या मी या गाडीत बसणार आहे का, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. घरचा नंबर. कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरावा लागला.

"मोहोळकडे निघालेल्या बाईंनी कृपया लक्ष द्यावे!" इतक्या दिवसांचा कोंडलेला आवाज होता तो. स्पीकर लावायची गरजच नव्हती, आख्ख्या गाडीने माना वळवल्या. "सकाळची वरण-भाकरीची वाटी आपल्या नियोजित वेळेवर लागली असून, कुमारी मुक्ता यांनी स्वतः हात दाखवून ती थांबवली आहे. वाटी पूर्ण रिकामी होऊन मोरीत परत गेली आहे. बाईंनी निश्चिंत मनाने शाळेत जावे."

मागून आत्यांचा आवाज आला, "व्हय गं, सगळं खाल्लं तिनं!" आणि काकांचा, "अक्का, अनाउन्समेंट चालू हाय."

कंडक्टर तिकिटं देत देत माझ्यापाशी येऊन थांबला होता. केस पांढरे झालेला, नोकरी संपत आलेला माणूस. "बाई, हा आवाज... स्टँडवरचे साहेब न्हवं का? फोन वर धरा की जरा. दोनदा सांगत्यात ते."

मी फोन उंच धरला. दुसऱ्यांदाही तेच, काना-मात्रेचा फरक नाही. गाडीतल्या माणसांना आता कळलं होतं, मागच्या बाकावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या मावशींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. घोषणा संपली. कंडक्टर मान हलवत तिकिटाचं यंत्र हातात घेऊन पुढे वळला. मीही फोन बंद करायला अंगठा नेला.

"मोहोळकडे निघालेल्या बाईंनी कृपया लक्ष द्यावे..."

कंडक्टर जागच्या जागी थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. काकूंसाठी जी झाली नव्हती, ती घोषणा चालू होती. 'कुमारी मुक्ता' म्हणताना आवाज जरा चिरकला, खाकरून पुन्हा उभा राहिला, आणि एकही शब्द न गाळता 'निश्चिंत मनाने शाळेत जावे' इथपर्यंत आला. मी फोन उंच धरून बसले होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मी हसत होते.

मोहोळ आल्याचं कंडक्टरला मला दोनदा सांगावं लागलं.